दहाच्या आत

"बाबांना वाईट बातमी जेवल्यावरच सांगायची हां. उपाशीपोटी त्यांना सोसत न्हाय." लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मनोज हेमालीला हसत म्हणाला होता. तेव्हा वाईट बातमी म्हणजे फार तर म्हैस आटली, एवढीच असायची.

आता रोज डबा घेऊन ती भिवंडीच्या इस्पितळाच्या जिन्यात थांबायची. पिशवीतली टिकली कपाळाला लावायची, हिरव्या बांगड्या चढवायची. मनोजची राख खाडीत सोडून झाली होती. पण वॉर्डात ती त्याची बायको होऊनच शिरायची.

वडप्याच्या वळणावर कंटेनरने मोटरसायकल उडवली, तेव्हा मनोजच्या मागे सासरे बसले होते. लडकूबाबांच्या नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. डॉक्टरांनी पायाला बाहेरून सळ्या लावल्या आणि वॉर्डाच्या दारातच हेमालीला समजावलं, "रक्तात सीआरपी म्हणून एक आकडा असतो. आतली सूज किती, ते त्यावरून कळतं. तो दहाच्या आत आला की पाय वाचला समजा. मुलाचं तेव्हाच सांगा. आत्ता धक्का नको."

घरातही तसंच ठरलं: मनोजला नुसतं खरचटलं आणि तो कामावर नागपूरला गेला, असं बाबांना सांगायचं. सासू काशी इस्पितळाकडे फिरकलीच नाही. नवऱ्याचं तोंड दिसताच तिला हंबरडा फुटला असता.

"तुझी सासू मला इसरली का गं?" बाबा विचारायचे.

"गुडघे धरलेत त्यांचे."

"लगीन झाल्यापासून धरलेलेच हायत. मनोजचा फोन?"

"आला होता. नागपूरच्या गोडाऊनला शिफ्ट सुटत न्हाय म्हणत होते."

"बरं. सांग त्याला, येळेवर जेवत जा."

मला बोलायला दे, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत. हेमालीला ती देवानेच केलेली सोय वाटायची. बाबांचं जेवण झालं की ती डबा धुवायला नळावर जायची आणि तिथेच रडून घ्यायची.

आकडा उतरत होता. दोनशेचा साठ झाला, साठाचा वीस. सगळे खूश. पाय वाचावा म्हणून हेमालीही नवस बोलायची, पण रिपोर्ट आला की तिला वाटायचं, आज तरी दहाच्या आत नको. साऱ्या जगात हा एकच माणूस उरला होता, ज्याच्यापाशी मनोज अजून कामावर होता.

मग आकडा चढला. विसाचा ऐंशी. औषधं बदलली, जखम पुन्हा धुतली. आकडा जरा खाली यायचा, की परत वर. सिस्टर हेमालीवरच उखडली.

"पट्टी सैल होतेच कशी? गावचा पालाबिला बांधता का तुम्ही?"

"आईशप्पथ न्हाय, सिस्टर."

शेवटी डॉक्टरांनी तिला बाजूला बोलावलं. "पू हाडात उतरलाय. उद्या पाय काढावा लागेल."

ती खाटेपाशी येऊन बसली. "बाबा, उद्या तुमचा पाय काढणार. माझ्याच हाताला यश न्हाय. मी कुठं चुकले? काय कमी केलं मी? मनोज..."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "उगी, बाय. तुझी काय चूक न्हाय. तू नळावर गेलीस का पट्टीत बोटं घालून जखम मीच उकरत होतो."

तिने चादर सारून पट्टीकडे पाहिलं.

"रस्त्यावर त्याचा हात माझ्या हातातच गार पडला, बाय. मला सगळं ठावं हाय. डॉक्टर दारात तुला म्हणाले, तेपण ऐकलं मी." त्यांनी डोळे मिटले. "आकडा दहाच्या आत आला असता, तर तू मला सांगितलं असतंस. मग मनोज खरंच गेला असता."