काखेतली बॅटरी

फोन वाजला तसा हौसाबाईंनी तो सुनेच्या हातून काढूनच घेतला. लेक बर्फातल्या चौकीवर होता. थंडीनं बॅटरी गारठली की बोलणं संपलं. आईचंच पुरं होत नसे, बायकोच्या वाट्याला नुसती खरखर यायची. मागल्या खेपेला "आई, इथं..." एवढ्यावरच आवाज तुटला, तेव्हापासून घरात कुणाला घास गोड लागला नव्हता.

"बॅटरी काखेत धरलीयस ना रे?"

"नाही आई. शलाकाच्या लॅबातली नवीन आलीय, चाचणीसाठी. बर्फावरच ठेवलीय."

हौसाबाईंनी सुनेकडे, शलाकाकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक पिळत उभी होती. लॅबातनं ती अंगाला ईथरचा वास घेऊन घरी आली की त्या विचारायच्या, "कुठल्या दवाखान्यातनं आलीस गं?" नेहमीच्या बॅटरीतलं पाणी थंडीत खोबरेल तेलासारखं घट्ट होतं, ईथर घातलेलं होत नाही, असं तिनं समजावलं होतं. "मग बाटली उन्हात ठेवावी, शहाणे," म्हणत त्यांनी तिला उडवून लावलं होतं.

म्हैस व्याली, भावकीतलं लग्न मोडलं, शेजारणीनं कुंपण सरकवलं, सगळं सांगून झालं. लेक हुंकार देतच होता. हौसाबाईंच्या गोष्टी आटल्या, बॅटरी आटेना. छातीवरचा धोंडा उतरला तसा त्यांनी फोन सुनेपुढे धरला.

"घे, बोल बाई. मी जरा म्हशीकडे बघून येते."

जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.