एकवीस फुल्या

"एकवीस?" डॉक्टर मॅडमनी वही जवळ धरली, लांब धरली, पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. "मावशी, यंत्र लावायच्या आधी महिन्यातले सोळा दिवस तुमचं डोकं दुखायचं. तीन महिने यंत्र लावलं, आणि या महिन्यात एकवीस?"

केवळाबाई खाली मान घालून बसल्या. शेजारच्या खुर्चीत त्यांचे मालक शेषेराव, मांडीवर टोपी. दोघं सकाळच्या पहिल्या एसटीनं शिरूर अनंतपाळहून लातूरला आलेले. यंत्र पिशवीत होतं, पुसून, टॉवेलात गुंडाळलेलं.

यंत्र तसं साधंच. कपाळावर पट्टी चिकटवायची, तिच्यावर ते बसवायचं, कळ दाबायची. वीस मिनिटं कपाळाच्या नसेला बारीक झिणझिण्या येतात. पहिल्या दिवशी केवळाबाई "आगं बया!" म्हणून ओरडल्या होत्या. आता ते कपाळावर असतानाच शेंगा फोडत बसायच्या. गोळ्या खाऊन पोटाची पार वाट लागली, म्हणून मॅडमनी हे दिलं होतं. डोकं दुखेल त्या दिवशी वहीत फुली मारा, एवढंच सांगितलं होतं. फुल्या कशाला, ते मॅडमनी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

केवळाबाईंना लिहिता येत नव्हतं. फुलीचं काम शेषेरावांकडं आलं. आणि शेषेराव कसले! मांडवात अक्षता पत्रिकेतल्या वेळेला पडल्या का, हे घड्याळ काढून बघणारा माणूस. वहीत एक दिवस चुकला नव्हता.

त्यांच्या घरची रीत जुनी. दिवेलागणीला केवळाबाई तेलाची वाटी घेऊन ओसरीवर यायच्या आणि मालकांपुढं पाठ करून बसायच्या. वाटी आली म्हणजे डोकं दुखतंय. शेषेराव अर्धा तास डोकं दाबायचे. दुखतंय का, हे त्यांनी बावीस वर्षांत कधी विचारलं नाही. एरवी दोघांतलं बोलणं म्हणजे 'बैल पाजले का' आणि 'ताट वाढलंय', संपलं. यंत्र आल्यापासून एकच गोष्ट वाढली. दाबून झालं की शेषेराव हात पुसून फुली मारायचे, आणि ती पडल्याशिवाय केवळाबाई उठायच्या नाहीत.

"मला तर काहीच कळेना," मॅडम म्हणाल्या. "झोप लागते म्हणता. उलट्या थांबल्या. भाचीच्या लग्नात डीजेपुढं बसून आलात. आणि फुल्या वाढत चालल्यात! असं मी बघितलंच नाही कधी. काका, चुकून तर नाही ना मारल्या?"

शेषेरावांनी टोपी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. "न्हाई," एवढंच म्हणाले.

"मग माझा इलाज नाही. आपल्याकडं अशी चारच यंत्रं आहेत आणि रांगेत चाळीस पेशंट. फुल्या निम्म्यावर आल्या तरच ठेवता येतं. काढा पिशवीतून."

शेषेरावांचं तोंड उघडंच राहिलं. वहीवरून यंत्र जाईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते एकदा वहीकडं बघत, एकदा पिशवीकडं.

केवळाबाईंनी पिशवी पोटाशी ओढली. पुन्हा ती अंधारी खोली? पुन्हा पदर आवळून दोन-दोन दिवस पडून राहायचं? नातू हसला तरी डोक्यात घण बसायचे. लाजेपेक्षा भीती मोठी झाली.

"म्याडम," त्या म्हणाल्या, "फुल्या बराबर हायत. पर डोकं ह्या महिन्यात पाचदाच दुखलं."

"आणि बाकीच्या सोळा?"

केवळाबाईंनी तोंडाला पदर लावला. "उगंच गेले वाटी घिऊन. डोकं दुखल्याबिगर ह्ये जवळ बसत्यात व्हय?"

मॅडमना हसू येत होतं. त्यांनी वही टेबलावर पसरली, पेन उचललं. "बरं. दुखलं ते पाच दिवस कोणते, आठवतं का मावशी?"

केवळाबाईंना कुठलं आठवायला! शेषेरावांनी मात्र चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली आणि पानावर बोट ठेवलं. "ही. ही. ह्या लागून आलेल्या दोन. अन् ही एकादशीची."

केवळाबाई बघतच राहिल्या.

"काका, तुम्हाला हो कसं माहीत?"

"दुखतंय तवा कानशिलाची नस बोटाखाली उडती. बावीस वर्सं झाली हात लावून. कळतंय की."

"अहो, मग कळत होतं तर बाकीच्या फुल्या मारल्याच कशाला?"

शेषेरावांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. बायकोकडं न बघता, वहीकडं बघत म्हणाले, "ती बघत बसायची ना. न्हाई मारली असती, तर दुसऱ्या दिशी वाटी आली नसती."