बाईंनी तपासलेला अहवाल

"बाई, अख्खी ग्रॅच्युइटी एकाच कंपनीत? शेअर घेण्याआधी वार्षिक अहवाल तरी वाचायचा!" निवृत्त बाईंशी त्यांचा जुना विद्यार्थी, आता ऑडिटर, नको तितक्या चढ्या आवाजात बोलला. कंपनी कालच बुडाली होती.

"वाचला की रे." बाईंनी अहवाल पुढे सरकवला. गणिताचा पेपर तपासावा तसा लाल पेनने तपासलेला. अध्यक्षांच्या जावयाला दिलेल्या विनातारण कर्जाभोवती गोल होता, शेजारी प्रश्नचिन्ह.

त्याने नजर चुकवली. ते कर्ज त्यालाही खटकलं होतं. पण फी मोठी होती.

"मग तरीही घेतलेत?"

"वाटलं, वय झालं, माझंच काहीतरी चुकत असेल."

बाईंनी शेवटचं पान उघडलं. तिथे ऑडिटर म्हणून त्याची सही होती आणि तिच्यापुढे, लाल पेनने, बरोबरची खूण.