सात नंबरची बेल

नोकरी कायम झाली की सिस्टरला दिवसपाळी मागता येणार होती. दिवसपाळी मिळाली की रात्री घरी झोप मिळणार होती आणि सकाळी मुलीची वेणी स्वतःच्या हातांनी घालता येणार होती. सध्या ती नवरा घालायचा आणि मुलगी शाळेत वादळातून आल्यासारखी पोचायची. एवढा सगळा नफा चौदा रात्रींवर येऊन ठेपला होता. अट एकच. पुन्हा डुलकी लागता कामा नये.

कारण आदल्याच रात्री, म्हणजे शेवटून पंधराव्या, मेट्रन तीनच्या फेरीला आल्या तेव्हा सिस्टर टेबलावर डोकं टेकून झोपलेली होती.

"ही दुसरी वेळ," मेट्रन म्हणाल्या. "तिसऱ्या वेळी मी बोलणार नाही. लिहीन."

टेबलाशेजारीच सात नंबरची कॉट होती. पडद्यामागचं घोरणं मध्येच थांबलं. सिस्टरला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता पेशंटलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी रात्री बरोबर पावणेतीनला सात नंबरची बेल वाजली.

सात नंबरला गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी होत्या. एका पायाला पट्टी, म्हणून एकाच पायात लोकरी मोजा. दुसरा मोजा उशीखाली.

"उशी उलटी करून दे."

सिस्टरने करून दिली.

"आता पाणी."

"पेला भरलेलाच आहे, आजी."

"मग पाजून दे. भरलेला पेला बघून तहान भागते का?"

पुढच्या रात्री बंद असलेली खिडकी बंद करायची होती. त्याच्या पुढच्या रात्री पुन्हा उशी.

"परवा हीच बाजू वर हवी होती ना तुम्हाला?"

"परवा मी दोन दिवसांनी तरुण होते."

वेळ मात्र कधी चुकली नाही. रोज पावणेतीन. म्हातारं शरीर म्हणजे घड्याळच, असं सिस्टरने मनाशी ठरवून टाकलं. आजींचे डोळे चिकटलेले असायचे, आवाज जड, गालावर चादरीच्या घडीचा वळ. वयच तसं, दुसरं काय.

"तो दुसरा मोजा तरी डोक्यावर घाला, थंडी वाजत असेल तर," ती एकदा वैतागून म्हणाली.

"तो उशीखालीच बरा. तुझ्या कामाचा नाही तो."

परत टेबलाशी यावं तर झोप उडालेली असायची. मग सिस्टर विचार करत बसायची. रात्रपाळीच्या माणसाचा संसार सगळा उलटा. लोक दूध आणायला बाहेर पडतात तेव्हा आपण घराचे पडदे ओढायचे. नवऱ्याशी बोलणं दारात, किल्ली देता-घेता. दुपारी डोळा लागला की शेजारीण म्हणणार, चैन आहे बाई हिची. जगाची झोप राखायची आणि स्वतःची मागितली तर चोरी. आणि आता या चोरीलाही म्हातारी सवड देत नव्हती. तेवढ्यात जिन्यावर मेट्रनच्या चपला वाजायच्या. सिस्टर ताठ बसलेली दिसली की मेट्रन मान हलवून पुढे जायच्या.

"माझं रक्त आटवलंय या बाईने," सिस्टर पहाटे वॉर्डातल्या मावशींना म्हणाली.

"माझ्या सासूची बहीण शोभते," मावशी म्हणाल्या.

सिस्टर कामाला प्रामाणिक. तक्त्यात ती रोज लिहायची: पेशंट पावणेतीनला जागी. तीन नोंदी वाचून डॉक्टरांनी आजींचा घरी जायचा दिवस पुढे ढकलला आणि झोपेची गोळी लिहून दिली. खरं सांगायचं तर सिस्टरला बरंच वाटलं. आजी झोपल्या तर आपलाही जीव सुटेल.

रोज रात्री दहाला गोळी ती स्वतः द्यायची.

"गिळली?"

आजी लहान मुलीसारखी जीभ बाहेर काढून दाखवायच्या.

आणि पावणेतीनला बेल.

"तुम्हाला झोप येतच नाही का हो?"

"तरुणपणी पुष्कळ झोपून घेतलं, पोरी. शिल्लक संपली."

तेरा रात्री अशा गेल्या. चौदाव्या, शेवटच्या रात्री सिस्टर कामावर आली तेव्हा सात नंबरची कॉट रिकामी होती.

"संध्याकाळी नेलं घरी," मावशी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, इथे नाही तर घरी लागेल झोप. सुटलीस तू. आणि हे घे."

तो दुसरा मोजा होता. तोंडाशी गच्च गाठ.

"रात्रीच्या पोरीच्याच हातात दे म्हणाली. आत काय आहे ते मी नाही बघितलं हो."

खाऊ असेल. सिस्टरने मोजा खणात टाकला. म्हातारी गेली म्हणून हसू आलं खरं, पण दोन वाजल्यावर ते विरलं. वॉर्ड शांत. कुणाला पाणी नको, कुणाची उशी नको. अडीचला तिने तोंड धुतलं. नंतर एकदा सहज हनुवटी हातावर टेकवली.

खणात काहीतरी किरकिरलं.

सिस्टर दचकून उठली. खण उघडला. आवाज मोज्यातून येत होता. गाठ सुटेना, तेव्हा तिने मोजा मुठीत गच्च दाबून धरला. जरा वेळाने तो गप्प झाला आणि जिन्यावर चपला वाजल्या.

मेट्रननी तिच्याकडे पाहिलं. टवटवीत, उभी.

"उद्या कचेरीत येऊन कायम झाल्याचा कागद घेऊन जा," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

सिस्टरने कात्रीने गाठ कापली. आत गजराचं छोटं घड्याळ होतं, काटा पावणेतीनवर लावलेला. त्याखाली कागदाची पुडी. पुडीत झोपेच्या गोळ्या होत्या, कडा किंचित विरघळलेल्या. तिने त्या टेबलावर मांडून मोजल्या. दहा रात्रींच्या दहा.