झामेक

"हाच ना झामेक, तातो?" गडाच्या पडक्या दरवाजात थांबून बोग्नाने वडिलांना विचारलं.

म्हाताऱ्या तेओफिलने मान वर करून बुरुजाकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं. आणि मान हलवली. नाही.

मागून तिचा भाऊ रादेक धापा टाकत वर आला. वाट तशी सोपी, पोरंटोरं बाबागाडीतून येतात. पण शहरात राहून त्याचं पोट सुटलं होतं. "काय म्हणतायत? गडही नाही?"

"नाही."

"मग आता काय, राजवाडा बांधून देऊ?"

"हळू बोल. ऐकू येतं त्यांना."

पक्षाघाताच्या झटक्याने तेओफिलची वाचा नेली होती, आणि जाताना ती एवढा एकच शब्द मागे विसरून गेली होती. झामेक. तोही असा की पोलिश माणसाने त्याचं काय करावं? गडाला झामेक, दाराच्या कुलपाला झामेक, कपड्याच्या चेनलाही झामेक. देवाची करणी बघा, चर्चमध्ये उपासकाळाची शोकगीतं सुरू झाली की म्हातारा कडव्यामागून कडवं बिनचूक गायचा. पाद्रीबाबासुद्धा प्रवचन थांबवून ऐकत राहायचे. गाणं संपलं की पुन्हा तेच. झामेक.

परवा त्यांनी दाराकडे बोट केलं, म्हणून रादेकने नवं कुलूप बसवलं. मान हलली. नाही. त्यांच्या सगळ्या विजारींच्या चेनी तपासून झाल्या. त्यावर तर म्हातारा चिडलाच. काल खिडकीत बोग्ना भांडी विसळत असताना त्यांनी खिडकीकडे हात केला. खिडकीतून समोर गड दिसतो. म्हणून आज गड.

उद्या रादेक त्यांना आपल्या घरी घेऊन जाणार होता. इथलं घर बंद होणार होतं. जाण्याआधी तातोंना काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे कळल्याशिवाय त्यांना गाडीत बसवायला बोग्नाचा जीव धजत नव्हता.

"आईला इथे मागणी घातली असेल," ती म्हणाली.

"आईला त्यांनी बटाट्याच्या शेतात मागणी घातली. दर नाताळला सांगायचे. तू काय झोपा काढत होतीस?"

पांढऱ्या कड्यांवरून वारा आला. बोग्नाने जॅकेट गळ्याशी मुठीत आवळून धरलं. "बसा तातो, दमलात." तिने त्यांना एका सपाट दगडावर बसवलं आणि नाक पुसायला त्यांच्या खिशात रुमाल शोधू लागली.

रुमालाबरोबर मेणबत्तीचा तुकडा हाती आला.

तिने तो ओळखला. फेब्रुवारीत चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणतात, ती मेणबत्ती. वादळात खिडकीत लावायची. आणि घरातलं माणूस शेवटच्या घटका मोजू लागलं की पेटवून त्याच्या हातात द्यायची.

"रादेक," तिने तुकडा त्याच्यापुढे धरला. "हे बघ. हे काय घेऊन फिरतायत."

रादेकने टोपी काढली. थट्टा कुठल्या कुठे गेली. "तातो," तो त्यांच्यापुढे उकिडवा बसला, "माझ्याकडे यायचं नाहीये का तुम्हाला? इथेच... इथेच राहायचंय?"

तेओफिलने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. दोन गाढवं आपल्याच पोटी यावीत याचं नवल वाटल्यासारखं. मग डाव्या हाताने, धड होता तो तेवढाच, त्यांनी लेकीच्या बोटांतून मेणबत्ती काढून घेतली.

"झामेक," ते म्हणाले आणि तिचं जॅकेट धरून तिला खाली ओढलं.

बोग्ना गुडघ्यांवर बसली. तिला वाटलं, आता आशीर्वाद देणार, डोकं खाली झुकवलं. त्यांनी मेणबत्तीने तिची हनुवटी वर ढकलली.

तिच्या जॅकेटची चेन पोटाशी अडकलेली होती. हिवाळाभर बोग्ना ते जॅकेट डोक्यावरून घालायची आणि गळ्याशी मुठीत धरून हिंडायची. गोठ्यात, दुकानात, तातोंसाठी औषधं आणायला. नवीन घ्यायला सवड कुणाला होती?

तेओफिल मेणबत्ती चेनच्या दातांवर घासू लागले. खालून वर, एक बाजू, मग दुसरी. मेणाचा भुगा तिच्या मांडीवर पडत होता. घासता घासता ते शोकगीताची ओळ गुणगुणत होते, एकही शब्द न चुकता.

"खालून धर," रादेक हळूच म्हणाला. "त्यांना दुसरा हात नाही."

बोग्नाने खालचं टोक ताणून धरलं. पहिल्यांदा चेन हललीच नाही. दुसऱ्यांदा एक दात सरकली. तिसऱ्यांदा सर्रकन वर गेली, थेट हनुवटीपर्यंत. वडिलांनी कॉलर नीट केली आणि शाळेला निघालेल्या पोरीला थोपटावं तसं तिच्या छातीवर थोपटलं.

"झामेक," ते म्हणाले. या वेळी मान हलली नाही.

रादेक टोपी हातात घेऊन बसूनच राहिला. "म्हणजे परवा दारात..." तो म्हणाला, "दारात तू उभी होतीस."

बोग्नाने मांडीवरचा मेणाचा भुगा झटकला.

उतरताना वारा पडला. कड्यांच्या आडोशाला चांगलं कडक ऊन होतं. तेओफिल मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पुढे चालले होते. रादेकने स्वतःचं जॅकेट काढून कमरेला बांधलं, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि मागे वळून पाहिलं. बहिणीच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

"अगं, उकडत नाहीये का तुला? उघड की ती चेन!"

"राहू दे," बोग्ना म्हणाली.