तीन पायांची खुर्ची

ग्वादालाहाराच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनाला एक चित्र असतं, म्हणून अक्षरशत्रू हर्मिनियाचं कधी अडलं नाही. दारावरच्या पट्टीवर घंटेनंतर मासा, आणि माशाला उतरायचं.

या नव्या मार्गासाठी तिचं घर पाडलं आणि त्याच उन्हाळ्यात नवरा एलेउतेरिओ गेला. आता मक्याच्या पानात उकडलेल्या तमालेंची बादली मांडीवर घेऊन ती सुनेबरोबर याच गाडीने बाजाराला जायची.

एका सकाळी घंटा आणि माशाच्या मध्ये तिला खुर्ची दिसली. तीन पायांची, चौथ्याच्या जागी वीट.

"यादिरा, तुझ्या सासऱ्याची खुर्ची बघ!"

"कुठंय? घंटेनंतर सरळ मासाच आहे. चष्मा बदला आई, नाहीतर भलतीकडेच उतराल."

काही दिवसांनी पट्टीवरच्या त्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला, हॅट गुडघ्यावर ठेवून.

"मेल्याला खुंटी कधी दिसलीच नाही," ती पुटपुटली आणि तिने डोळे पुसले.

आज त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची होती. पिवळी, हर्मिनियाची. रिकामी.

घंटा मागे पडली. बोगद्यात गाडी मंदावत थांबली आणि खिडकीबाहेर तिच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला. डब्यात कुणी मानही वर केली नाही. दारं उघडली. दालचिनी घातलेल्या कॉफीचा वास आत आला.

हर्मिनियाने बादली सुनेच्या मांडीवर ठेवली.

"अहो आई, उठताय कशाला? गाडी धावतेय!"