विलायती गाडीची हळद

धंतोलीतल्या डॉक्टर उमाळकरांची विलायती गाडी चौदा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नव्हती. शेजारच्या मनोहररावांना सात वर्षांनी नंबर लागून मिळालेली नवीकोरी देशी गाडी मात्र सकाळी धक्क्याशिवाय सुरूच होत नसे. ते पाहून डॉक्टर व्हरांड्यातून म्हणत, "विलायती ती विलायती. तिला काही लागत नाही."

ते ऐकून ड्रायव्हर चंद्रभानची छाती फुगे. या गाडीचा एक पार्ट नागपुरात मिळेल तर शपथ. म्हणून तो पहाटेच येई, गळती बुजावी म्हणून रेडिएटरात बायको वच्छलाच्या डब्यातली हळद टाकी, पेट्रोलच्या टाकीची चीर साबण चोळून बुजवी आणि डॉक्टर उठायच्या आत हात धुऊन गाडी पुसत उभा राही. हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. गाडीची अब्रू ती आपली अब्रू, असंच तो धरून चालला होता.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, "चंद्रभान, उद्यापासून मीच चालवीन. असल्या गाडीला ड्रायव्हर हवा कशाला? इतकी वर्षं तू नुसता स्टिअरिंग धरून तर बसलास."

चंद्रभाननं किल्ली टेबलावर ठेवली.

"गाडीबद्दल काही सांगायचं राहिलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

चंद्रभानचा हात खिशात गेला. आजची हळदीची पुडी अजून तशीच होती. ती त्यानं मुठीत घट्ट धरली.



"नाही साहेब. विलायती आहे नं, तिले काही लागत नाही."